पुस्तकवेड्या माइनची कथा मराठीत यायला हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी ॲनिमेच्या, म्हणजे तिकडच्या ॲनिमेशन मालिकांच्या, वाढत्या लोकप्रियतेविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. आपली मुले काय पाहतात आणि त्यात रमून का जातात, याची दखल मराठी वृत्तपत्राने घेतली याचा मला आनंद झाला. मात्र 'इसेकाइ' म्हणजे दुसऱ्या जगात पुनर्जन्म घेणाऱ्या नायकांच्या कथांची त्या लेखात एका परिच्छेदात बोळवण केली आहे. नायक मरतो, जादूच्या जगात जन्मतो, अचाट सामर्थ्य मिळवतो आणि शत्रूंचा फडशा पाडतो, असे त्यांचे वर्णन आहे. ते पुष्कळ मालिकांना लागू पडत असेलही; परंतु याच प्रकारातली एक कादंबरीमालिका अशी आहे की जिची नायिका तलवार कधी उचलत नाही, चार पावले चालली तरी तापाने फणफणते आणि जिची एकमेव इच्छा पुस्तक वाचायला मिळावे ही आहे. एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून काम करताना मी ही मालिका इंग्रजी अनुवादातून वाचली, आणि तिच्याविषयी मराठी वाचकांना काही सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मालिकेचे जपानी नाव 'होन्झुकी नो गेकोकुजो'; जगभर ती 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' या इंग्रजी नावाने ओळखली जाते. लेखिका मिया काझुकी यांनी ती सप्टेंबर २०१३ ते मार्च २०१७ या काळात 'शोसेत्सुका नी नारो' या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने लिहिली. तेथे कोणीही आपली कादंबरी विनामूल्य प्रसिद्ध करू शकतो आणि वाचकांनी उचलून धरलेल्या कथांकडे मग प्रकाशकांचे लक्ष जाते. या कथेचेही तसेच झाले. २०१५ च्या जानेवारीत टीओ बुक्स या प्रकाशनाने पहिला खंड छापला, यू शिइना यांनी त्याला चित्रे काढली आणि २०२३ च्या डिसेंबरात ३३ वा खंड येऊन मुख्य कथा पूर्ण झाली. हे ३३ खंड पाच पर्वांत विभागलेले आहेत. जपानमध्ये दरवर्षी निघणाऱ्या लाइट नॉव्हेलच्या मार्गदर्शक ग्रंथात मोठ्या आकाराच्या पुस्तकांच्या विभागात या मालिकेला २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे पहिले स्थान मिळाले. लाइट नॉव्हेल म्हणजे सोप्या भाषेतली, संवादांनी भरलेली, मधूनमधून चित्रे असलेली आणि प्रामुख्याने तरुणांसाठी लिहिलेली कादंबरी. या व्याख्येत ही मालिका बसते; पण तिचा आवाका त्या व्याख्येहून बराच मोठा आहे.

कथा थोडक्यात सांगतो. उरानो नावाची पुस्तकवेडी तरुणी ग्रंथपालाची नोकरी नुकतीच मिळालेली असताना भूकंपात पुस्तकांच्या ढिगाखाली सापडून मरते आणि एरेनफेस्ट नावाच्या नगरात माइन या पाच वर्षांच्या आजारी मुलीच्या देहात जागी होते. वडील गुंटर नगराच्या वेशीवर पहाऱ्याला असलेले सैनिक, आई एफा रंगाऱ्याचे काम करणारी, बहीण तूली थोडी मोठी. घरात पुस्तक नाही, शेजारीपाजारी नाही, गल्लीत कोणाला अक्षरओळख नाही. पुस्तके चर्मपत्रावर हाताने लिहिली जातात आणि ती सरदारांच्या व श्रीमंतांच्याच घरी असतात. विकत घेणे अशक्य, तेव्हा माइन ठरवते की पुस्तक आपणच तयार करायचे. येथवर वाचणाऱ्याला वाटते की आता आधुनिक ज्ञानाच्या बळावर ही मुलगी चुटकीसरशी कागद करील. लेखिका तसे होऊ देत नाही, आणि माझ्या मते या मालिकेचे मोठेपण इथून सुरू होते.

माइनला सारे माहीत आहे, पण तिच्या हातात काहीच नाही. इजिप्तमधल्या पपायरस या प्राचीन कागदाची आठवण ठेवून ती गवताचे तंतू विणायला बसते. बोटांएवढा तुकडा विणण्यातच तिचा जीव जातो. मातीच्या पाट्यांवर अक्षरे कोरून त्या भाजायला जाते, तर त्या भट्टीत फुटतात. मग पूर्वी जपानमध्ये वापरत तशा लाकडाच्या चपट्या पट्ट्या गोळा करून ती त्यांवर लिहू लागते, आणि घरात चूल पेटवायची म्हणून आई त्या जाळून टाकते. आई दुष्ट नाही. जिला अक्षरच ठाऊक नाही तिला लिहिलेली पट्टी आणि सरपण यांत फरक दिसणार कसा? निरक्षरतेवर अनेक भाषणे ऐकली आहेत, परंतु तिचा अर्थ मला इतक्या थेटपणे दुसरीकडे कुठे भिडलेला नाही. घराघरात असे कागद चुलीत गेले आहेत, आणि त्यांत कोणाच्या कविता होत्या, कोणाचे हिशेब होते, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

शेवटी ती झाडाच्या सालीपासून कागद करायचे ठरवते. फांद्या तोडायच्या, वाफवायच्या, साल सोलायची, वरची काळी साल खरवडायची, आतली पांढरी साल राखेच्या पाण्यात उकळायची, नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायची, कचरा एकेक करून वेचायचा, मग बडवून तंतू मोकळे करायचे, चिकट द्रव मिसळायचा, चौकटीत बसवलेल्या बारीक काड्यांच्या चटईवर लगदा उचलून तो सारखा पसरेपर्यंत हलवायचा, दाबून पाणी काढायचे आणि फळीवर चिकटवून उन्हात वाळवायचे. जपानी हातकागदाची, म्हणजे वाशीची, ही खरी रीत आहे. २०१४ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. कादंबरीत यातल्या प्रत्येक पायरीसाठी कशाची तरी अडचण येते. भांडे कुठून आणायचे, राख कोण देईल, चौकट कोण घडवील, त्या अनोळखी जगातले कोणते झाड योग्य ठरेल, चिकट द्रव कशातून निघेल, हे सगळे शोधावे लागते. शिवाय माइनच्या अंगात बळ नाही. म्हणून शेजारचा लुट्झ हा मुलगा तिचे हातपाय होतो. बिघडलेले कागद ती टाकून देत नाही. आईने रात्री सांगितलेल्या गोष्टी त्यांवर उतरवून ते शिवते. त्या जगातले तिचे पहिले पुस्तक असे जन्मते, आणि त्यातला मजकूर ज्या बाईने पूर्वी पट्ट्या जाळल्या तिच्या तोंडचा असतो.

या मालिकेत व्यवहारही तितक्याच बारकाईने येतो. बेनो हा व्यापारी माइनच्या कल्पनांत नफा पाहतो आणि तिला भांडवल देतो. पण सात वर्षांच्या वयात होणाऱ्या दीक्षाविधीआधी मुलांना कोणाच्या हाताखाली उमेदवारी करून काम शिकता येत नाही, म्हणून करार कसा करायचा हा प्रश्न उभा राहतो. कागद तयार झाल्यावर चर्मपत्र बनवणाऱ्यांचा संघ आडवा येतो, कारण त्यांच्या पोटावर पाय येणार असतो. बेनो तडजोड काढतो, ती अशी की करारपत्रांसारखे महत्त्वाचे दस्तऐवज चर्मपत्रावरच राहतील आणि वनस्पतीचा कागद इतर कामांसाठी वापरला जाईल. नवे तंत्र आले की जुन्या कारागिरांचे काय करायचे, हा प्रश्न तरुणांसाठी लिहिलेल्या एका कल्पनारम्य कादंबरीत इतक्या गांभीर्याने यावा, याचे मला कौतुक वाटते. शाई कोण करणार, खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरे कोण पाडणार, चित्रे कोण काढणार, हेही पुढे असेच एकेका माणसाच्या रूपाने उलगडत जाते. योहान नावाचा काटेकोर तरुण लोहार जेव्हा धातूचे सुटे खिळे घडवून आणतो, तेव्हा माइन त्याला युरोपातल्या छपाईच्या जनकाच्या नावावरून 'गुटेनबर्ग' ही पदवी देऊन टाकते. त्या बिचाऱ्याला तिचा अर्थ कळत नाही, पण नंतर ती पदवी पुस्तकाच्या कामात गुंतलेल्या सर्वांनाच लागू होते.

दुसऱ्या खंडातल्या एका प्रसंगाविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माइनच्या विचित्र ज्ञानाचा संशय आलेला लुट्झ एक दिवस तिला तोंडावर विचारतो की तू कोण आहेस आणि माझी माइन कुठे गेली. ती खरे सांगते, आणि त्याची इच्छा असेल तर आपण नाहीसे होऊ, असेही सांगते. तो मुलगा विचार करतो आणि त्याच्या लक्षात येते की ज्या माइनशी त्याची खरी मैत्री झाली, जिच्याबरोबर त्याने कागद केला, ती हीच आहे. पुनर्जन्माच्या कथांत मूळ देहातल्या जिवाचे काय झाले याची फिकीर सहसा कोणी करत नाही. इथे ती केली आहे, तीही एका लहान मुलाच्या तोंडून.

माइनच्या अंगात साठणारी जादुई शक्ती हाच तिचा आजार आहे. सरदारांच्या मुलांकडे ती शक्ती काढून घेणारी साधने असतात; गरिबाचे मूल मात्र त्या शक्तीच्या तापात जळून मरते. गुणवत्ता सर्वत्र जन्मते, पण ती जगवण्याची साधने मूठभरांच्या हाती असतात, हे लेखिकेने कोठेही प्रवचन न देता कथेच्या मुळाशी ठेवले आहे. या आजारातून वाचण्यासाठी आणि तेथे ग्रंथालय आहे म्हणून माइन मंदिरात दाखल होते. ग्रंथालयातली पुस्तके साखळीने बांधलेली आहेत, आणि त्याच मंदिराच्या अनाथालयात मुले उपाशी मरत आहेत. आरंभी तिला फक्त पुस्तकांत रस असतो, हे लेखिका लपवत नाही. अनाथालयाचे दृश्य पाहून ती आधी पळ काढते. नंतर मात्र त्या मुलांना कागद करायला शिकवते, त्यांची रोजीरोटी त्यातून उभी करते, पत्त्यांच्या खेळातून आणि चित्रांच्या पुस्तकांतून त्यांना अक्षरे शिकवते. सांभाळायला पुस्तके असली म्हणजे ग्रंथालय होत नाही, ती वाचणारी माणसेही घडवावी लागतात, ही गोष्ट तिला तिथे उमगते. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हा भाग वाचावा, असे मला मनापासून वाटते.

आता रूपांतरांविषयी. सुझुका यांनी पहिल्या दोन पर्वांची मांगा म्हणजे चित्रकथा केली, आणि पुढच्या पर्वांसाठी वेगळे चित्रकार आले. चित्रकथेचा लाभ असा की चौकट कशी धरायची, लगदा कसा हलवायचा, खिळे कसे बसवायचे हे डोळ्यांना दिसते. कागदाची प्रकरणे चित्रकथेत मला कादंबरीहूनही अधिक स्पष्ट वाटली. ॲनिमे आजिया-दो या संस्थेने केले आणि मित्सुरू होंगो यांनी दिग्दर्शित केले. २०१९ च्या ऑक्टोबरपासून १४ भाग, २०२० च्या एप्रिलपासून १२ भाग आणि २०२२ च्या एप्रिलपासून १० भाग, अशा ३६ भागांत कथेची पहिली दोनच पर्वे, म्हणजे ३३ पैकी सात खंड येतात. तिसऱ्या पर्वाचे काम विट स्टुडिओकडे गेले आहे. युका इगुची यांनी माइनला दिलेला आवाज अतिशय बोलका आहे. उतावीळपणा, हट्ट आणि धाप लागणे हे सारे त्यात ऐकू येते. पहिल्या १४ भागांनी कागदासाठी चाललेल्या खटपटीला पुरेसा वेळ दिला, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही ॲनिमे पाहून ही मालिका कळली असे कोणी समजू नये. कादंबरी माइन स्वतः सांगते, आणि तिला दिसते तेवढेच आपल्याला दिसते. परंतु प्रत्येक खंडाच्या आरंभी व शेवटी आणि जोडलेल्या छोट्या कथांत लेखिका दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून तेच जग दाखवते. कधी ती नजर तूलीची असते, कधी लुट्झची, कधी मंदिरातल्या सेवकाची. त्यामुळे माइनला जे उमगत नाही ते वाचकाला उमगते. आपल्या पुस्तकवेडापायी ती आजूबाजूच्या माणसांना किती घोर लावते, हेही तेव्हाच कळते. पडद्यावर हा दुहेरीपणा बहुतांशी नाहीसा होतो. हिशेब, वाटाघाटी, संघांची भांडणे आक्रसतात आणि दुसऱ्या पर्वापासून कथा घाईने पुढे सरकते. श्रमाला वेळ लागतो, आणि तो वेळ वाचकानेही सोसला म्हणजेच शेवटी हाती आलेल्या पानाची किंमत कळते. वीस-पंचवीस मिनिटांच्या भागांना ते साधणे अवघड आहे, यात ते रूपांतर करणाऱ्यांचा दोष मी मानत नाही.

मालिकेत उणिवा नाहीत असे नव्हे. तिसऱ्या पर्वापासून माइन नगराधिपतीची दत्तक कन्या होते, तिला रोझमाइन हे नवे नाव मिळते, आईवडिलांना आई-बाबा म्हणण्याचाही हक्क ती गमावते, आणि कथा सरदारांच्या वाड्यांत व राजविद्यालयात शिरते. तिथले राजकारण कुशलतेने रचलेले आहे, पण गल्लीतली माणसे मागे पडतात आणि नावांची व पदांची गर्दी होते. नऊ खंडांचे चौथे पर्व मला अनेक ठिकाणी लांबलेले वाटले. शिवाय त्या समाजात मुलींचे भवितव्य सौद्यासारखे ठरते आणि मंदिरातल्या सेविकांच्या वाट्याला शोषण येते. लेखिका त्याचे समर्थन करत नाही, तरी हे वाचताना मुलांशी मोठ्यांनी बोलायला हवे. म्हणून ही पुस्तके शेल्फावर ठेवताना मी ती बालविभागात न ठेवता कुमार आणि प्रौढ यांच्या विभागात ठेवीन. जपानमध्ये मुलांसाठी या कथेची वेगळी आवृत्तीही निघाली आहे, आणि ती वाट आपल्यालाही खुली आहे.

महाराष्ट्रात या कथेला वाचक मिळेल असे मला का वाटते, तेही लिहितो. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनऱ्यांचा शिळाछाप, म्हणजे दगडावरून होणारी छपाई, पाहून स्वतःच्या हाताने लाकडी यंत्र तयार केले, शिळेचे तुकडे मिळवून त्यांवर छापून पाहिले, शाईचे प्रयोग केले, आणि १८४१ साली मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी मुलगा असताना मिशनच्या छापखान्यात खिळे घासत होते. पुढे १८६९ साली त्यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथली देवनागरी अक्षरे देशभर नावाजली गेली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद पिढ्यान्‌पिढ्या होत आला. माइनची धडपड काल्पनिक जगातली असली तरी तशी धडपड करणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली, आणि ती आपल्या शाळकरी मुलांना फारशी ठाऊक नाहीत. माइनची गोष्ट वाचलेले मूल गणपत कृष्णाजींविषयी विचारील, अशी मला खात्री आहे.

तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत आले आणि शिक्षक-पालकांच्या एका पिढीने ते आपलेसे केले. पुण्यात जपानी भाषा शिकणारे आणि शिकवणारे आज मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातले कित्येक जण थेट जपानीतून मराठीत उत्तम अनुवाद करू शकतील. ३३ खंडांचा भार कोणत्याही मराठी प्रकाशकाने एकदम उचलावा असे मी म्हणणार नाही. पण 'सैनिकाची मुलगी' या पहिल्या पर्वाचे तीन खंड स्वतंत्रपणेही वाचता येतात. कागद तयार होतो, पहिले पुस्तक शिवले जाते, आणि मंदिराच्या दाराशी ते पर्व थांबते. एवढे तीन खंड, इंग्रजीच्या आडवाटेने न येता, जपानीतून मराठीत यावेत. तसे ते आले, तर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता मिळालेल्या 'अ' वर्गापासून 'ड' वर्गापर्यंतच्या ग्रंथालयांनी आपल्या ग्रंथखरेदीत त्यांचा जरूर विचार करावा, आणि मोबाईलवर ॲनिमे पाहणाऱ्या मुलांना ती पुस्तके मुद्दाम हातात द्यावीत. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी या मालिकेचे कथानक सांगितले आहे. 'मराठीत आहे का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

आपल्या पुरवणीने या विषयावर पुन्हा लिहिताना केवळ पडद्यावरच्या मालिकांचा आढावा न घेता त्यांच्या मुळाशी असलेल्या कादंबऱ्यांचीही ओळख करून द्यावी आणि त्यासाठी जपानी जाणणाऱ्या मराठी अभ्यासकांना लिहिते करावे, अशी माझी विनंती आहे. हे पत्र लांबले याची मला जाणीव आहे; जागेअभावी काटछाट करावी लागली तर कागदाच्या कृतीचा परिच्छेद मात्र कृपया ठेवावा.

कळावे,

आपला नियमित वाचक,
तालुका ग्रंथालयातील एक ग्रंथपाल